आधी पत्रा, मग रंग

इटालियन स्पोर्ट्स कार म्हटलं की डोळ्यांसमोर लाल रंग येतो. २००२ मध्ये सचिन तेंडुलकरने डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, त्यानिमित्त त्याला मिळालेली फेरारी ३६० मोडेना लालच होती. सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते ती त्याला देण्यात आली. मग तिच्यावरची कस्टम ड्युटी माफ करावी की नाही, यावर देशभर वाद झाला. तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण क्रिकेटवेड्या घरात ही गोष्ट ऐकतच मोठी झाले.

या गोष्टीतला एक तपशील मात्र सहसा कुणी सांगत नाही. ती गाडी भेट दिली होती फियाट कंपनीने. फियाटने १९६९ मध्ये फेरारीतला अर्धा वाटा विकत घेतला होता आणि २००२ मध्ये फेरारी फियाटच्याच घरातली होती. पण महाराष्ट्रातल्या आई-बाबांच्या पिढीला 'फियाट' म्हटलं की फेरारी आठवत नाही. त्यांना आठवते स्टेअरिंगला गिअर असलेली, मागे छोटे पंख काढलेली प्रीमिअर पद्मिनी. नात्याने बघितलं तर ही फेरारीची चुलत बहीण. एक मारानेल्लोला वाढली, दुसरी कुर्ल्यात.

अशीच एक चुलत बहीण सध्या आमच्या वणीत, माझ्या मामांच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये उभी आहे. १९७८ ची पद्मिनी, आजोबांनी घेतलेली. बरीच वर्षं ती ताडपत्रीखाली होती. यंदा तिला पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरलं आणि घरात दोन पार्ट्या पडल्या. मामांचं म्हणणं, गाडी होती तशी करायची. मामेभाऊ म्हणतो, करायचीच आहे तर फेरारीसारखी लाल करू, अलॉय व्हील टाकू, आत मारुतीचं इंजिन बसवू आणि लग्नसराईत नवरदेवासाठी भाड्याने देऊ. खर्च तरी निघेल!

वरवर बघता हा रंगाचा वाद. पण त्याच्या मागे लागून जे समजत गेलं, ते जुनी गाडी, जुनी स्कूटर, अगदी आजोबांची लूना घरात असलेल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

कुर्ल्यात बनलेली इटालियन

आधी हिची कुंडली बघू. फियाट हे लघुरूप आहे. इटालियनमध्ये त्याचा अर्थ होतो 'तोरिनोचा इटालियन मोटार कारखाना'. हा कारखाना १८९९ मध्ये सुरू झाला. भारतात या गाड्या बनवल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने. ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन केली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जोडणी व्हायची, मग १९५० च्या दशकात फियाट आली. १९६४ मध्ये '११०० डिलाइट', १९७२ मध्ये तिचंच नाव 'प्रीमिअर प्रेसिडेंट' आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून 'पद्मिनी'.

इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. ताकद सुमारे ४० हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकच्या जवळपास निम्मी. मग हिचा आणि स्पोर्ट्सचा काय संबंध? आहे ना! हिचीच इटालियन आवृत्ती, ११०० 'तुरिस्मो वेलोचे', १९५० च्या दशकात 'मिल्ले मिल्या' या प्रसिद्ध शर्यतीत धावली. ब्रेशियाहून रोमला जाऊन परत यायचं, अंतर जवळपास १६०० किलोमीटर, तेही साध्या रस्त्यांवरून. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर ट्यून केलेल्या फियाट शर्यतीत उतरायच्या.

मुंबईत मात्र तिने काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आयुष्य काढलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. ती संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. याचा फटका वणीतल्या माणसालाही बसतो. टॅक्सी चालू होत्या तोवर सुटे भाग बनत, निघत, विकले जात होते. आता बंपर, काचेचं रबर, बॅज शोधायला मुंबईचं कुर्ला नाहीतर चोर बाजार, किंवा मग इन्स्टाग्रामवरचे फियाटप्रेमी.

लोहचुंबकाची परीक्षा

गाडी बघायला डेंटिंगवाले मिस्त्री आले, तेव्हा मामेभाऊ मोबाइलवर लाल रंगाच्या शेड दाखवायला लागला. मिस्त्रींनी मोबाइलकडे बघितलंही नाही. खिशातून लोहचुंबक काढलं, त्याला कापडात गुंडाळलं आणि दरवाजाच्या खालच्या पट्टीवरून फिरवायला सुरुवात केली. काही ठिकाणी ते टकटक चिपकलं. काही ठिकाणी घसरून खाली पडलं.

"चिपकलं तर लोखंड, नाही चिपकलं तर लांबी," मिस्त्री म्हणाले. "रंग मंग पायजा भाऊ, आधी पत्रा पाय."

लांबी म्हणजे पुट्टी. खड्डा भरून वरून रंग मारला की गाडी फोटोत झकास दिसते. पण खालचा गंज थांबत नाही, तो झाकला जातो इतकंच. दोन पावसाळ्यांनी रंगाला फुगे येतात आणि तेव्हा खालचा पत्रा हाताने तुटतो.

पद्मिनीच्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी लोखंडी चासी असते आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असते. पद्मिनीला अशी वेगळी चासी नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. तळाचा पत्रा, दरवाजाखालची पट्टी, सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा, हे सगळं मिळून गाडीचं वजन पेलतं. तिथे गंज लागला तर तो प्रश्न दिसण्याचा उरत नाही, गाडीत बसणाऱ्याच्या जिवाचा होतो. लाल रंग मारून नवरदेवाला बसवायचं आणि खाली तळ सडलेला, हे चालणार नाही.

चुंबकाने आमच्या पद्मिनीचा निकाल दिला: चालकाच्या पायाखालचा पत्रा आणि डाव्या बाजूची पट्टी गेलेली. बाकी गाडी ठणठणीत. मिस्त्रींनी दोन हिशोब सांगितले. एक, नुसतं घासून, लांबी भरून वरून रंग. दुसरा, सगळं उघडून, सडलेलं कापून, नवा पत्रा वेल्ड करून मग रंग. दुसरा हिशोब पहिल्याच्या तिप्पट. घरात त्या रात्री जेवताना कुणी फारसं बोललं नाही.

वणीची हवा आणि गाडीचा रंग

दुसरा हिशोब ठरला. (मामींनी सोनाराकडे जायचं पुढे ढकललं, हे लिहायला त्यांनीच सांगितलं आहे.) मग काम सुरू झालं आणि लक्षात आलं की 'रंग देणे' हा सगळ्या कामातला शेवटचा छोटासा तुकडा आहे.

आधी प्रत्येक कोपऱ्याचा फोटो. मग काचा, बीडिंग, क्रोमच्या पट्ट्या, दिवे काढायचे. प्रत्येक स्क्रू वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. मग जुना रंग खरवडायचा. इथे घाई करून पातळ पत्र्यावर जोरात सँड ब्लास्टिंग केलं तर पत्रा लाटेसारखा वाकतो. म्हणून बोनेट, छत, दरवाजे हाताने आणि पेंट रिमूव्हरने. सडलेला भाग कापून नवा पत्रा लावताना गॅस वेल्डिंगपेक्षा सीओटू वेल्डिंग बरं, कारण उष्णता कमी पसरते. मग उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर गरजेपुरती, दोन-तीन मिलिमीटरच्या आतली लांबी, मग सरफेसर. त्यावर पाण्याचा पेपर लाकडी गुटक्याला गुंडाळून घासायचं. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या नाल्या उमटतात आणि त्या चकाकत्या रंगाखाली स्पष्ट दिसतात.

त्यात आमचं वणी! चारी बाजूंना कोळशाच्या खाणी, दिवसभर कोळशाचे ट्रक, राजूरकडे चुन्याच्या भट्ट्या. सकाळी पुसलेल्या बोनेटवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये गाळलेल्या हवेची पेंट बूथ असते. इथे पेंटर शेडला चारी बाजूंनी प्लॅस्टिक लावतात, जमिनीवर पाणी मारतात आणि पहाटे, ट्रकची वर्दळ वाढायच्या आत गन हातात घेतात.

ऋतूही सांभाळावा लागतो. पावसाळ्यात हवेतली ओल ओल्या रंगात शिरते आणि जुन्या पद्धतीच्या लॅकर रंगावर पांढुरकी झाक येते. मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, रंगाचा थेंब पत्र्यावर पोचायच्या आतच सुकायला लागतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. म्हणून आमच्याकडे रंगाचा खरा सीझन दिवाळी ते फेब्रुवारी. कापसाचा सीझन तोच रंगाचा.

डिकीत सापडलेला रंग

आता मूळ प्रश्न. रंग कोणता?

मामेभावाची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्याचं म्हणणं होतं, "गाडी आपली, रंग आपला. आणि इटालियन गाडीला लाल नाही द्यायचा तर कायले द्यायचा?" पण लाल रंग काही फेरारीने शोधलेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय शर्यतींमध्ये देशांनुसार रंग ठरत गेले. ब्रिटनच्या गाड्या हिरव्या, फ्रान्सच्या निळ्या, इटलीच्या लाल. म्हणजे ती शर्यतीच्या गाडीची जर्सी होती. रोज रस्त्यावर जाणाऱ्या इटालियन गाड्या सगळ्या रंगांच्या होत्या, आजही आहेत.

मग आमच्या पद्मिनीचा मूळ रंग कुठला? मामांना वाटत होतं पांढरा. आईला आठवत होता आकाशी. आरसीवरचं अक्षर पुसट. मधे कधीतरी गाडी पुन्हा रंगवलेली, त्यामुळे वरून बघून काही कळेना. उत्तर गाडीतच मिळालं. वरवरचा रंग मारणारा पेंटर जिथे गन फिरवत नाही, अशा जागा असतात: दरवाजाच्या रबराच्या मागे, डॅशबोर्डच्या खाली, डिकीच्या अस्तराआड. डिकीचं अस्तर काढलं आणि तिथे हातभर जागेत ४७ वर्षांपूर्वीचा, कधी ऊन न लागलेला रंग होता. फिकट, दुधात किंचित हळद टाकल्यासारखा. दोघंही चुकले होते.

मागची सीट काढली तेव्हा खाली मूठभर सरकी निघाली. आजोबांचं अडत दुकान होतं, हंगामात ते याच गाडीतून जिनिंगला जायचे. मामा ती सरकी हातात घेऊन बराच वेळ बसले. मामेभावाने तिचा फोटो काढला, पण स्टोरीला टाकला नाही. मारुतीच्या इंजिनाचा विषय त्याने त्यानंतर काढलेला नाही.

कागद काय सांगतो

हा फक्त भावनेचा मामला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. कायदाही इथे मूळ गाडीच्याच बाजूने आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी तरतूद केली. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' ही अक्षरं असलेला खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, पुढच्या नोंदणीला ५ हजार. अट अशी की ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते.

आमच्या पद्मिनीची पन्नाशी २०२८ मध्ये. इंजिन बदललं असतं, बॉडीत फेरफार केले असते, तर हा दरवाजा तिच्यासाठी तिथेच बंद झाला असता. आणि व्हिंटेज नंबर घेतला तर नवरदेवाचं भाडं बंद. दोन्ही हातांत लाडू नाही. व्हिंटेज नको असेल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करत राहायचं. त्याचा खर्च वाढत चाललाय. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या कारसाठी तो ६०० वरून ५ हजार झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी १० हजार. रंगाचीही नोंद आरसीवर असते. रंग बदलला तर आरटीओत जाऊन नोंद बदलून घ्यावी लागते, नाहीतर चौकात अडवल्यावर गाडी आपलीच आहे हे पटवत बसा.

जगभरातले जाणकारही हेच सांगतात. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिवा'ने, २०१३ मध्ये 'तोरिनो सनद' स्वीकारली. हो, तेच फियाटचं तोरिनो. तिचा गाभा साधा आहे: आधी जपा, मग गरजेपुरतं दुरुस्त करा, जे केलं ते लिहून ठेवा. फेरारीच्या मारानेल्लोतल्या 'क्लासिके' विभागातही जुन्या गाडीला प्रमाणपत्र देताना आधी चासी, इंजिन, गिअरबॉक्स मूळचे आहेत का ते तपासतात. कोट्यवधींच्या फेरारीला जो नियम, तोच शेडमधल्या पद्मिनीलाही लावता येतो. त्याला पैसे लागत नाहीत, वही-पेन लागतं.

गनच्या मागे उभा असतो त्याचं काय?

एका गोष्टीबद्दल रीलमध्ये कुणी बोलत नाही. जुना लॅकर रंग थिनर उडून सुकायचा. आजचा पीयू रंग हार्डनर घालून घट्ट होतो. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. फवारताना ती श्वासात गेली तर कायमचा दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिचकायला लागलं की नंतर थोडासा वासही त्रास देतो. रुमाल बांधणं किंवा कोविडच्या वेळचा मास्क इथे उपयोगाचा नाही. सगळ्यात सुरक्षित म्हणजे बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मास्क, आणि तो नाही तर किमान नीट बसणारा, वेळेवर बदललेल्या कार्ट्रिजचा. जुना रंग सुका घासू नये, त्यात शिसं असू शकतं. पाणी लावून घासावा. जुन्या ब्रेक शूची धूळ कंप्रेसरने उडवू नये, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो.

आमच्या पेंटरकडे रुमालच होता. ते चाळीशीचे आहेत आणि सकाळी खोकतात. मामांनी रंगाच्या बिलात कार्ट्रिज मास्क धरला. "याचे पैसे कोणी देत नाही साहेब," पेंटर म्हणाले. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आपण गाडीच्या फिनिशसाठी घासाघीस करतो, तेव्हा ती घासाघीस नेमकी कशातून वजा होते, हे एकदा विचारायला हवं.

हे लिहिताना पद्मिनी राखाडी प्रायमरमध्ये उभी आहे. तळाचा पत्रा नवा, ब्रेक नवे, पेट्रोलच्या रबरी नळ्या वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला टिकतील अशा. रंगाच्या दुकानात डिकीतल्या तुकड्यावरून शेड जुळवून झाली आहे. मामेभाऊ रोज संध्याकाळी येऊन सरफेसर घासतो, गुटका वापरून. अलॉय व्हीलचा हट्ट त्याने अजून सोडलेला नाही. मामा म्हणतात, "चाकं काढता-घालता येतात, त्यावर बोलू आपण."

गॅरेजला नेण्याआधी

* चुंबक फिरवा. दरवाजाखालची पट्टी, चाकांच्या कमानी, पायाखालचा तळ आणि डिकीचा तळ आधी बघा.
* पैसे कमी असतील तर क्रम ठेवा: ब्रेक, पत्रा, वायरिंग, इंजिन, मग रंग. रंग थांबू शकतो, ब्रेक नाही.
* मूळ रंग डिकीत, रबरामागे, डॅशखाली शोधा. तो तुकडा घासण्याआधी फोटो काढा आणि शेड जुळवून घ्या.
* काढलेली एकही वस्तू लगेच भंगारात देऊ नका. तुटका बॅजही नमुना म्हणून कामाला येतो.
* आरसी, इंजिन नंबर आणि चासी नंबर जुळतात का, हे खर्च सुरू करायच्या आधी तपासा.
* पेंटरला विचारा, मास्क कोणता आहे? नसेल तर बिलात धरा.
* आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गाडीजवळ खुर्ची टाकून बसवा. रंगाबद्दल त्यांची आठवण चुकेल कदाचित, पण गाडी कुठे कुठे गेली होती ते त्यांनाच माहीत असतं. तेही वहीत लिहून ठेवा.